बत्तिसावा प्रोग्रॅम

"एकही प्रोग्रॅम जाणार नाही! एक जरी गेला ना, तर ही मिशी उतरवीन!"

शनिवारी सकाळी चहाचा कप संगणकाच्या डोक्यावर ठेवून त्यानं हे जाहीर केलं. मिशी साधीसुधी नव्हती. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि अडकलेल्या लिफ्टचं दार उघडलं की आतल्या लोकांचा जीव त्या मिशीकडे बघूनच भांड्यात पडतो, असं त्याचं ठाम मत होतं.

"आधी कप उचल," बायको म्हणाली. तिच्या कडेवर सात महिन्यांची ढबू होती आणि ढबूच्या मुठीत आईच्या केसांची बट होती.

बायको शिंप्यांसाठी कपड्यांचे नमुने संगणकावर आखून द्यायची. त्यासाठी तिच्याकडे एकच प्रोग्रॅम होता, आणि तो बनवणाऱ्या कंपनीनं केव्हाच गाशा गुंडाळला होता. तो गेला की गेलाच. आणि सोमवारी टेलरमास्तरांना बँडवाल्यांच्या चाळीस कोटांचा नमुना हवा होता. कामाला वेळ मिळायचा तो फक्त दुपारी, ढबूच्या झोपेचे दोन तास. पलीकडच्या खोलीत सासऱ्यांचा रेडिओ असल्यामुळे पाळणा संगणकाच्या टेबलालाच खेटून होता. पण गेलं वर्षभर संगणक दमेकऱ्यासारखा घरघर करत चालायचा आणि हल्ली तर ऐन बाही आखताना मान टाकायचा.

"सिस्टिम बिघडलीय," त्यानं निदान केलं. "सगळं पुसून नवी टाकतात ते अडाणी. मी जुनीच्या अंगावर नवी चढवणार. आतलं सामान जागच्या जागी! माणसं आत बसलेली असताना लिफ्ट बदलायची, बघच तू."

"माणसं आत असताना?" त्याच्या बाबांनी दारातून विचारलं. "मी यापुढे जिन्यानं जाईन."

त्यानं कागदावर यादी केली. एकूण एकतीस प्रोग्रॅम. बायकोच्या फाइल्सची एक प्रत वेगळी काढली, नवी सिस्टिम भरलेला पेन ड्राइव्ह लावला आणि आरामात मागे रेलला. पडद्यावर प्रश्न आला: काय ठेवायचं? पहिला पर्याय होता, फाइल्स आणि प्रोग्रॅम दोन्ही. तो फिकट पडलेला होता. कितीही टिचक्या मारा, ढिम्म! चालू होता तो एकच पर्याय: काहीही ठेवू नका.

"काय म्हणतंय?" बायकोनं विचारलं.

"विचार करतोय."

"तो की तू?"

अर्ध्या तासाच्या शोधानंतर उलगडा झाला. संगणकातली सिस्टिम एका देशाच्या इंग्रजीत होती आणि त्यानं नेटवरून उतरवून आणलेली दुसऱ्या देशाच्या. दोन्ही इंग्रजीच, पण एकमेकींचं सामान सांभाळायला तयार नव्हत्या.

"सख्ख्या जावा दिसतायत," बाबा म्हणाले.

पुन्हा उतरवण्यात अकरा वाजले. आता पर्याय ठळक झाला! त्यानं मिशीला पीळ देऊन बटण दाबलं. दहा टक्के. वीस टक्के. घरघर वाढत गेली. एकेचाळीस टक्क्यांवर संगणकानं एक उसासा टाकला आणि पडदा काळा पडला.

तेवढ्यात टेलरमास्तरांचा फोन!

"ताई, कोटाचं कसं काय?"

"चालू आहे मास्तर," काळ्या पडद्याकडे बघत बायको म्हणाली. "बाह्यांवर आलंय."

फोन ठेवून तिनं नवऱ्याकडे बघितलं. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

थोड्या वेळानं संगणक आपणहून जागा झाला. पडद्यावर अक्षरं आली: 'पूर्वीच्या सिस्टिमकडे परत नेत आहोत.' आणि खरोखर, सगळं होतं तसं परत आलं. त्यानं खोक्याला हात लावला नि झटक्यात काढून घेतला. "तव्यासारखं तापलंय गं!"

मग मात्र त्याच्यातला लिफ्टवाला जागा झाला. त्यानं खोकं बंद करून वायर काढली, स्क्रू सोडले, झाकण उघडलं. आत पंखा नव्हताच! होता तो धुळीच्या गादीचा तुकडा, मधोमध कुठेतरी पंखा असावा असा. ब्रशनं त्यानं पातं न् पातं साफ केलं, आसाला तेलाचा एक थेंब दिला आणि सगळी धूळ कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकली.

"म्हणजे रोग धुळीचा होता तर," बाबा म्हणाले. "मग ऑपरेशन कशाला?"

"सुरू केलंय तर पुरं करू द्या ना, बाबा!"

या खेपेला गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली. एकेचाळीस, साठ, नव्वद, शंभर! दोनच्या ठोक्याला पडदा उजळला. बायको यादी वाचू लागली आणि तो एकेक उघडून दाखवू लागला. हा? आहे! तो? आहे! एकतिसावा होता नमुन्यांचा प्रोग्रॅम. उघडला. आत अर्धवट बाहीसुद्धा जशीच्या तशी.

"मिशी वाचली!" तो ओरडला. "आणि ऐक, ऐक! काय ऐकू येतंय?"

"काहीच नाही."

"तेच तर! पंखा चालू आहे, पण आवाज नाही. रेशीम!"

बायको खरंच हसली. तिनं ढबूला पाळण्यात ठेवलं आणि खुर्ची ओढून माऊस हातात घेतला. झोपेची वेळ टळून गेलेली, डोळे चोळून लाल झालेले. पोर पडल्या पडल्या झोपायला हवी होती.

ढबू झोपली नाही. तिनं संगणकाकडे मान वळवली. थोडा वेळ वाट पाहिली. मग ओठ बाहेर काढला आणि असा टाहो फोडला, की बाबांनी रेडिओ बंद केला.

अंगाई झाली. खांद्यावर घेऊन फेऱ्या झाल्या. खुळखुळा झाला. ढबू थकायची, पाळण्यात जायची, संगणकाकडे बघायची आणि पुन्हा सुरू व्हायची. बाही होती तिथंच होती.

तिसऱ्या फेरीला बायको मधेच थांबली.

"अरे," ती हळूच म्हणाली, "जन्मल्यापासून ही त्या घरघरीवर झोपतेय."

त्यानं पंख्याकडे बघितलं. मग कचऱ्याच्या डब्याकडे. तो डब्यात हात घालणार, एवढ्यात बायको म्हणाली, "खबरदार! बाही आखून होऊ दे."

शेवटी तो पाळण्याशी वाकला आणि तोंडानं सुरू झाला, "घर्रर्रर्र..."

ढबूच्या पापण्या जड झाल्या. मूठ उघडली. तो श्वास घ्यायला थांबला. डोळे टक्क उघडे! "घर्रर्रर्र..."

बायकोचा माऊस भराभर चालू लागला. एक बाही झाली, दुसरी झाली, कॉलर झाली. मधेच तिनं यादीचा कागद ओढला, पेन्सिलनं खाली काहीतरी लिहिलं आणि तो नवऱ्यासमोर सरकवला: '३२. ढबूची झोप. सापडला नाही.'

बाबा चष्मा लावून पुढे झाले. त्यांनी ती ओळ वाचली, मान डोलावली आणि पाय न वाजवता आत गेले. परत आले ते वस्तरा घेऊन. तो त्यांनी कागदावर अलगद ठेवला.

त्याला सांगायचं होतं, की बत्तिसावा यादीत नव्हता, तो धरायचा नाही. पण त्याचं तोंड रिकामं नव्हतं.