गिरणीमालकाला वन्स मोअर

मंडळी, साहेबाला खूश ठेवणं हे काही येऱ्यागबाळ्याचं काम नाही. त्याला अंगात गुण लागतो, आणि तो माझ्या अंगात जन्मापासून आहे. साहेबाला क्रिकेट आवडत असेल तर मी पाच दिवस कानाला ट्रान्झिस्टर लावून हिंडतो. साहेब देवभोळा असेल तर मी गुरुवारी कपाळाला अंगारा लावून येतो. मागचे साहेब होमिओपॅथीवाले होते, तर मी वर्षभर त्यांच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या चघळल्या आणि आजारी नसताना खडखडीत बरा झालो. तेव्हा अंधेरीच्या आमच्या रंगाच्या कंपनीत श्यामकांत फणसळकर साहेब नवीन आले, तरी मी अगदी निवांत होतो.

निवांत राहून चालणार नव्हतं खरं म्हणजे. आमच्या सेक्शनमधल्या एकाला अकोल्याच्या डेपोत पाठवायचं ठरलं होतं, आणि तो एक कोण हे फणसळकर साहेब ठरवणार होते. घरी ही बातमी सांगितली तेव्हा नलिनी भाकरी थापता थापता म्हणाली, "अकोल्याला तुम्ही एकटे जा. मी आपली माहेरी जाईन." आता हिचं माहेर म्हणजे हिचे वडील, आमचे भाऊ. गिरणीचा संप फसला, गिरणी बंद पडली, तेव्हापासून भाऊ आमच्याच मुलुंडच्या दोन खोल्यांत राहत होते. म्हणजे माहेर आमच्याच हॉलमध्ये खुर्चीवर बसून तंबाखू मळत होतं. मी अकोल्याला गेलो असतो तर घरातून फक्त मीच कमी झालो असतो, बाकी सगळं तसंच राहिलं असतं.

तर फणसळकर साहेब. हे साहेब जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायचे, डोळे मिटायचे आणि भाजी गार होईपर्यंत काहीतरी गुणगुणायचे. एकदा मी अदबीने विचारलं, कुठला राग म्हणायचा हा? साहेब म्हणाले, ऑपेरा. विनोदी ऑपेरा. तुम्हाला आवडतो?

माझा आणि ऑपेराचा आजवरचा संबंध म्हणजे ऑपेरा हाऊसचा बसस्टॉप. तिथेही मी कधी उतरलो नव्हतो.

"जीव की प्राण, साहेब," मी म्हणालो.

साहेबांनी माझा हात धरला. इतकी वर्षं ते एकटेच होते हो! त्यांच्या मेव्हण्याने लंडनहून एक व्हिडिओ कॅसेट पाठवली होती. थिएटरात चाललेला अख्खा ऑपेरा, पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत, कॅमेरा लावून उतरवलेला. पण घरी सोय नव्हती. बाईसाहेब म्हणायच्या, मांजरं भांडतायत असं वाटतं. साहेबांनी तो एकदाच बघितला होता, तोही आवाज बंद करून. "तावडे," ते मला म्हणाले, "आवाज बंद करून ऑपेरा बघितलाय तुम्ही कधी?" मी मान खाली घातली. मी तर तो आवाजासकटही बघितला नव्हता.

मग साहेबांनी विचारलं, तुमच्याकडे व्हिडिओ आहे का? मी म्हणालो, म्हणजे काय साहेब. त्यांनी विचारलं, रविवारी दुपारी येऊ? मी म्हणालो, याच. झालं. अकोला माझ्या डोळ्यांदेखत आमच्याच सेक्शनमधल्या राजाराम जोशीच्या टेबलाकडे सरकताना मला दिसलं.

व्हिडिओ अर्थातच माझ्याकडे नव्हता. मी नाहूरच्या एका व्हिडिओवाल्याकडून मशीन आणि कलर टीव्ही असं दोन्ही भाड्याने ठरवलं. रविवारी सकाळी ते धूड रिक्षात मांडीवर घेऊन आलो. व्हिडिओवाल्याने दोनदा बजावलं होतं, सारखं रिवाइंड करू नका, मशीन गरम होतं आणि टेप खातं. मी म्हटलं, आम्ही कशाला रिवाइंड करू? सरळ बघणारी माणसं आहोत आम्ही.

आता तुम्हाला ठाऊकच आहे, सोसायटीत व्हिडिओ भाड्याने येणं म्हणजे काय. समोरच्या मालनताईंनी मला जिन्यात टीव्हीसकट पाहिलं. त्यांनी कुठला पिक्चर असं विचारलंसुद्धा नाही, फक्त किती वाजता एवढंच विचारलं. दुपारी बघतो तर खालच्या मजल्यापासून वरच्या मजल्यापर्यंत सगळे चटया, उशा आणि शेंगदाण्याच्या पुड्या घेऊन हॉलमध्ये हजर. मी नलिनीला आत ओढून म्हटलं, यांना घालव. ती म्हणाली, "गणपतीला याच लोकांची भांडी आणता ना? मग तुम्हीच घालवा."

भाऊ तर वेगळ्याच तयारीत होते. मी घरात सांगताना "विलायती संगीत नाटक" असं सांगून बसलो होतो. संगीत नाटक म्हटल्यावर भाऊंनी ट्रंकेतला कोट काढला, कानात अत्तराचा फाया घातला आणि गिरणीतले दोन जुने सोबती, धाकू आणि लवू, यांना निरोप पाठवला. तिघे पहिल्या रांगेत मांडी ठोकून बसले. म्हातारपणी बारशाला आल्यासारखे खुशीत होते तिघेही.

साहेब दारात आले आणि ती गर्दी बघून थबकले. गेलो अकोल्याला, मी मनात म्हटलं. पण साहेबांचे डोळे पाण्याने भरले. "तावडे, एवढे रसिक? मुलुंडात?"

इथे कुठल्याही शहाण्या माणसाने खरं सांगितलं असतं. मी म्हणालो, "आमचं छोटंसं मंडळ आहे साहेब. ऑपेरा मंडळ." साहेब मालनताईंकडे बघून हात जोडून वाकले. मालनताईंनी त्यांना मूठभर शेंगदाणे दिले.

कॅसेट लागली. आधी बराच वेळ नुसती वाजंत्री. मग पडदा वर गेला आणि एक ढेरपोट्या माणूस रंगीत जाकीट घालून गायला लागला. मागे पवनचक्की, आजूबाजूला पिठाची पोती. कोणालाच काही कळेना. साहेबांनी उत्साहाने सांगायला सुरुवात केली. हा त्या गावचा गिरणीवाला. पिठाची गिरणी असते ना, तिचा मालक.

आणि नेमके तेवढेच दोन शब्द भाऊंच्या कानात शिरले. गिरणी आणि मालक.

भाऊ ताठ झाले. त्यांनी धाकूला कोपराने ढोसलं. "हो मालक बघ रे. आमच्याच मालकासारखो दिसता." धाकू म्हणाला, पोट तर तसाच आसा. लवूने फक्त दात ओठ खाल्ले.

पुढची गोष्ट खरं तर अशी होती की मालकाची पोरगी एका गरीब नोकराच्या प्रेमात पडते, मालक नाही म्हणतो, आणि तो नोकर तिला भेटायला पिठाच्या पोत्यात लपून बसतो. साहेब हे सगळं समजावून सांगत होते. पण आमच्या पहिल्या रांगेला प्रेमाशी काही देणंघेणं नव्हतं. तेवढ्यात स्टेजवर डावीकडून चाळीसएक माणसं हात वर करून, पाय आपटत, एका सुरात गात आली. गाणं मालकाची टर उडवणारं होतं. भाऊ उठून उभेच राहिले.

"मोर्चा इलो!"

आणि ते गाणं संपताच भाऊंनी दोन्ही हात तोंडाशी नेऊन खणखणीत आरोळी ठोकली, "वन्स मोअर!"

आता संगीत नाटकाला वन्स मोअर द्यायचा ही आपली रीतच आहे, आणि तो दिला की नट ते पद पुन्हा म्हणतो. टीव्हीतला नट पुन्हा कसा म्हणणार, हे भाऊंना सांगायला मी तोंड उघडलं. तर साहेब हर्षाने थरथरत म्हणाले, "वन्स मोअर! तावडे, मागे घ्या, मागे घ्या." घेतलं मागे. मोर्चा उलटा उलटा आत गेला आणि पुन्हा बाहेर आला. भाऊंनी पुन्हा वन्स मोअर दिला. या वेळी धाकू आणि लवूनेही दिला, आणि एकदा रीत कळल्यावर सगळ्या हॉलने दिला.

मग काही विचारू नका. मालक चिडला, वन्स मोअर. मोर्चाने त्याला घेरलं, वन्स मोअर. तो बिचारा नायक पोत्यात शिरला की आम्ही त्याला पोत्यातून बाहेर काढायचो आणि पुन्हा शिरायला लावायचो. दुपार कलली तरी गोष्ट काही पहिल्या अंकातून पुढे जाईना. मी मशीनवर हात ठेवून बघितला तर तवा! पोळी टाकली असती तर फुगली असती. मी साहेबांच्या कानाशी म्हणालो, आता सरळ बघूया का? साहेब म्हणाले, तावडे, मी आयुष्यभर अशा प्रेक्षकांची वाट बघत होतो.

आणि भाऊ? भाऊंच्या गालावरून चक्क पाणी ओघळत होतं. ते मला हळूच म्हणाले, "आमका जा जमला नाय जावयानू, ता ह्येंनी गाऊन दाखवल्यानी."  खोटं कशाला बोलू, हे ऐकून मला तो मोर्चा पुन्हा एकदा मागे घेतल्याशिवाय राहवेना.

तोच घात झाला. मालक स्टेजच्या मध्ये उभा राहून तावातावाने गात होता आणि मोर्चा समोर उभा होता. अचानक मालकाचा आवाज खाली यायला लागला. आधी घोगरा झाला, मग जड झाला, मग रेड्यासारखा. हात हळूहळू खाली आले. चेहरा आडवा ताणला गेला, त्यावर पांढऱ्या रेघा आल्या, आणि मालक हं... हं... करत अंधारात विरघळून गेला.

 मग भाऊ ओरडले, "मालक नमलो रे!"

अहो, काय तो जल्लोष! धाकू आणि लवू एकमेकांच्या गळ्यात पडले. मालनताईंनी शेंगदाणे उधळले. नलिनीसुद्धा स्वयंपाकघरातून येऊन टाळ्या वाजवत होती. टाळ्या न वाजवणारे आम्ही दोघंच होतो. एक साहेब आणि दुसरा मी.

मी कॅसेट ओढली. ती अर्धी बाहेर आली आणि अर्धी मशीनच्या पोटातच राहिली. हातात आला तो शेवयांचा गुंता. लंडनहून आलेल्या शेवया. साहेब त्या गुंत्याकडे असे बघत होते, की मला अकोला स्टेशनवरचा चहावाला ऐकू यायला लागला.

 तेव्हा भाऊ साहेबांच्या जवळ जाऊन बसले आणि अगदी मायेने विचारलं, "सायबानू, मगे संपाचा फुडे काय झाला? मालकान काय दिल्यान की नाय?"

साहेबांनी मान वर केली. ते म्हणाले, शेवटी मालक हार मानतो, मुलीचं लग्न त्या नोकराशी लावून देतो आणि गिरणीही त्यालाच देऊन टाकतो. भाऊ म्हणाले, असा नुसता सांगून कसा चालात, गाऊन दाखवा. साहेब म्हणाले, मी? सगळा हॉल म्हणाला, तुम्ही.

साहेबांनी घसा साफ केला, टीव्हीला पाठ करून उभे राहिले आणि गायला लागले. पोट त्यांनाही होतंच. आवाज म्हणाल तर बाईसाहेबांचं अगदीच चुकलं नव्हतं. पण साहेब घामाघूम होऊन मालकाची हार गायले आणि पहिल्या रांगेने वन्स मोअर दिला. साहेबांनी पुन्हा म्हटलं. या मशीनची टेप अडकत नव्हती, हाच काय तो फरक.

जाताना साहेबांनी मला मिठी मारली. कॅसेटचं नावसुद्धा काढलं नाही. म्हणाले, तुमच्यासारखा माणूस अकोल्याला पाठवणं म्हणजे पाप आहे. नलिनीने त्या दिवशी मला गोडाचा शिरा करून घातला. मंडळी, मी तुम्हाला सुरुवातीलाच म्हटलं होतं, अंगात गुण लागतो.

तेव्हापासून दर रविवारी साहेब आमच्याकडे येतात. मालक साहेब होतात आणि मोर्चा भाऊ, धाकू आणि लवू. अर्धी सोसायटी प्रेक्षक असते. नलिनी पातेलंभर पोहे करते आणि माझ्याशी सोमवारपर्यंत बोलत नाही. मला गाता येत नाही, म्हणून साहेबांनी मला नायकाचा पोत्यातला भाग दिलाय. पहिला अंक संपेपर्यंत मी रेशनच्या गव्हाच्या पोत्यात बसतो. तिकडे अकोल्याला राजाराम जोशीला कंपनीने अंगणवालं घर दिलंय आणि तो रविवारी दुपारी झोपतो म्हणे.

गेल्या सोमवारी मी मन घट्ट केलं आणि माझी अकोल्याला बदली व्हावी म्हणून साहेबांसमोर जाऊन हात जोडले. साहेब एकदम गंभीर झाले, माझ्याकडे बघत राहिले, आणि मग पोट धरून हसायला लागले.

"झकास तावडे! पण याला वन्स मोअर नाही हं," ते डोळे पुसत म्हणाले. "आणि येत्या रविवारी पोतं जरा मोठं बघा. मागच्या खेपेला तुमचे पाय बाहेर दिसत होते."