वॉर्ड सातची उमेदवार

“धनूनं आपणहून शर्टाला इस्त्री केलीन, की समज हो, काहीतरी लपवतोय,” असं सुगंधाबाईंनी सुनेला लग्नाच्या आठवड्यातच सांगून ठेवलं होतं. ज्ञानदा तेव्हा हसली होती. सासवा बोलायच्याच!

शुक्रवारी सकाळी आखातातल्या वादी कबीरच्या फ्लॅटमध्ये इस्त्रीचा वास आला आणि तिला सासूबाईंचं ते वाक्य आठवलं. सुट्टीच्या दिवशी धनंजय अंघोळ करून, वर पांढराशुभ्र शर्ट आणि खाली बर्म्युडा अशा अवतारात बेडरूममध्ये शिरला. आतून कडी लागली.

“ऑफिसचा कॉल आहे गं!”

“शुक्रवारी?”

“अर्बाबचं अर्जंट आहे.”

अर्बाब, म्हणजे त्याचा तिथला मालक, लेकीच्या लग्नाला रुस्ताकला आपल्या गावी गेलाय, हे कालच धनंजयनं सांगितलं होतं. ज्ञानदानं गॅस बंद केला आणि पाच वर्षांच्या देविकाला दाराशी पाठवलं. पोर कान लावून परत आली.

“मम्मा, ऑफिस नाहीये. अण्णाआजोबा आहे. ते म्हणतात, सून येणार इंडिया. फॉर फाइव्ह इयर्स.”

ज्ञानदानं हातातला झारा ओट्यावर ठेवला. पाच वर्षं? देविकाची शाळा इथे, नवरा इथे, आणि आपण एकटीनं कोकणात? मग एकेक आठवू लागलं. सासऱ्यांनी गेल्या महिन्यात ‘रेशनच्या कामाला’ म्हणून तिच्या मतदार कार्डाचा फोटो मागवला होता. मे महिन्यात सुट्टीला गावी गेल्यावर चार कागदांवर सह्याही घेतल्या होत्या. ती बेडरूमच्या दाराशी गेली.

“धनंजय, दार उघड. नाहीतर वायफाय बंद करते.”

दार ताबडतोब उघडलं.

स्क्रीनवर गावच्या घराची पडवी, मागे पक्षाचा बॅनर आणि दाटीवाटीनं बसलेली चाळीसेक माणसं. नगरपंचायतीचे उमेदवार ठरवायची सभा चालली होती.

“या या वहिनी!” तालुकाध्यक्ष म्हणाले. “तुमचंच नाव चाललंय.”

“वॉर्ड सात यंदा बायकांना राखीव पडला गो,” पंधरा वर्षं तिथून निवडून येणारे अण्णा घाईनं म्हणाले. “नाव तुझं, कारभार मी बघीन. तू नुसती सहीला इथे राहा.”

“मला विचारलंत?”

“धनू हो म्हणालाय की!”

धनंजय स्वतःच्या बर्म्युडाकडे बघू लागला.

ज्ञानदा स्क्रीनजवळ सरकली. “वॉर्डाला बाईच हवी ना? मग मागे चहाचा ट्रे घेऊन उभ्या आहेत, त्या कोण?”

चाळीस माना मागे वळल्या.

“ती?” अण्णा हसले. “तिला काय कळतंय?”

“पाण्याचा टँकर कुणाच्या फोनवर येतो, ते सांगा की अण्णा!” मागच्या रांगेतून एक बाई ओरडली.

अध्यक्षांनी हात वर करायला सांगितले. आधी बायकांचे झाले. मग ज्यांना अजून चहा मिळाला नव्हता, त्या पुरुषांचे. सुगंधाबाईंनी शांतपणे ट्रे अण्णांच्या हातात दिला.

“धरा हो. मला फॉर्म भरायचाय.”

तेव्हापासून सुगंधाबाई प्रचारात आहेत. फोन केला की अण्णा म्हणतात, “सगळं ठीक.” मागे दूध उतू जाताना ऐकू येतं. परवा तर व्हिडिओवर त्यांच्या अंगात कडक इस्त्रीचा शर्ट दिसला. ज्ञानदाला काही ठीक वाटत नाही. तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला जाणार असाल, तर एकदा अण्णांना बघून या. आतून कडी असली, तर दार वाजवा.