साखराआत्यानं बसवलेलं क्वांटम

कृती लिहावी तर मीच! कुठलंही सॉफ्टवेअर कसं बसवायचं हे मी लिहिलं, की ते वाचून कुणालाही बसवता आलंच पाहिजे, अशी माझी ख्याती आहे. निदान माझ्या मनात तरी आहे.

पुण्याची एक कंपनी क्वांटम संगणकाचं सॉफ्टवेअर बनवते आणि मी कडा या माझ्या गावी घरी बसून त्याची माहितीपत्रकं लिहितो. तो संगणक मी पाहिलेला नाही. तो परदेशात कुठंतरी गारठलेल्या खोलीत असतो. आमचं सॉफ्टवेअर आपल्या लॅपटॉपवर बसतं आणि त्याला गणितं पाठवतं. यंदा कंपनीनं सगळी मांडणीच बदलली. आधी सगळं एका गठ्ठ्यात यायचं, आता त्याची तीन पॅकेजं झाली. त्यामुळे नवं बसवण्याआधी जुनं समूळ काढावं लागतं. दोन्ही एकत्र राहिली, की लॅपटॉप दोघांचं ऐकतो आणि काम कुणाचंच करत नाही. हा बदल गिऱ्हाइकांना समजेल असा लिहून काढायचं काम माझ्याकडे आलं.

आमच्या संगीता मॅडमनी अट घातली. ज्यानं हे कधीच केलेलं नाही, अशा माणसानं नुसतं माझं लिखाण वाचून सॉफ्टवेअर बसवायचं. मी हात लावायचा नाही, मध्ये सांगायचं नाही, पडद्याकडे बघायचंसुद्धा नाही. बसलं तर नोकरी पक्की. आणि नोकरी पक्की झाली तरच गेवराईचे पाहुणे सुपारी फोडणार होते. मुलीच्या, म्हणजे स्वप्नाच्या वडिलांनी साफ सांगितलं होतं, आधी कागद दाखवा, मग तारीख काढू. स्वप्ना मला फार म्हणजे फारच आवडली होती. म्हणून मी हट्टानं अकरा पानं लिहिली.

माणूस म्हणून मी साखराआत्याला बसवलं. आत्याच्या सहा म्हशी आहेत आणि गावातलं दूध संकलन केंद्र ती चालवते. कुणाचं दूध किती, फॅट किती, हे सगळं ती तीन वर्षं संगणकावर टिपते आहे. शिवाय वाचलेलं तंतोतंत करणारी बाई. माझी सुपारी फुटल्यातच जमा होती!

सोमवारी अकराला मॅडम फोनवर आल्या. आमच्याकडचं नेट असं, की पलीकडे फक्त आवाज आणि आत्याचं अर्धं कपाळ पोचत होतं. जुनं सॉफ्टवेअर असलेला माझा लॅपटॉप आत्यापुढे ठेवून मी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलो. आत्यानं चष्मा पुसला आणि पहिली ओळ मोठ्यानं वाचली. दहा मिनिटांत म्हणाली, "झालं. पण समदं तांबडं तांबडं दिसायलंय."

तांबडं म्हणजे चूक. मॅडमनी विचारलं, जुनं काढलं का? आत्या म्हणाली, काढलं. आत्या कधी खोटं बोलत नाही, हे मी भिंतीकडे बघतच मॅडमना बजावलं.

पुन्हा पहिल्यापासून केलं. पुन्हा तांबडं. मी नेटला दोष दिला, मग लाइटीला, मग लॅपटॉपला. तिसऱ्यांदाही तेच झाल्यावर मात्र माझा तोल गेला. मी ताडकन म्हणालो, "मॅडम, माझ्या लिखाणात खोट नाही. नव्या आवृत्तीतच दोष आहे!"

हे मी बोलायला नको होतं. नवी आवृत्ती त्याच दिवशी जगभर जायची होती. मॅडमनी ती थांबवली. तीन इंजिनिअर दोष शोधायला बसले. मग पाच झाले. कंपनीचे मालक लग्नाच्या पंगतीतून उठून आले म्हणे. दुपारचे तीन वाजले, दोष सापडेना. आत्या मात्र निवांत. तिनं मध्ये भाकरी खाल्ली, मलाही वाढली.

चार वाजता आत्या उठली. धारा काढायची वेळ झाली होती. जाता जाता तिनं सहज विचारलं, "अंगदा, ते ठिवलेलं मोडू का र्‍हाऊ देऊ?"

"कसलं ठेवलेलं?"

"जुन्यातलं. नऊ फोल्डरं हुती. आठ पुसली, एक बारकं ठिवलं."

"कशाला?"

"कशाला म्हंजे? इरजणाला! दह्याचं गाडगं कुणी समदं खरवडून रिकामं करतं का? मग नवं लागायचं कशानं?"

फोन चालूच होता. पलीकडे पाच इंजिनिअर, एक मालक आणि मॅडम सगळं ऐकत होते. मला वाटलं, भिंतीतच शिरावं.

"आत्या, मी लिहिलं होतं ना, सगळं काढा म्हणून!" माझा आवाज रडवेला झाला होता.

"लिवलं हुतंस. पण कशापायी काढायचं ते कुठं लिवलंस? आमी इरजण ठिवून काढलं तर त्याला समदं काढलं असंच म्हणतो." मग तिनं मला समजावलं, "ह्या नव्याला इरजण लागत न्हाई, उलट जुन्याच्या एका थेंबानं नवं नासतंय, असं लिव की बाबा."

बारकं फोल्डर पुसलं. चार मिनिटांत नवं बसलं, तांबडं गेलं. आत्या म्हशींकडे गेली आणि मी मॅडमच्या शिव्यांची वाट बघत बसलो. पण मॅडम गंभीरपणे म्हणाल्या, चाचणीसाठी नवी आवृत्ती घेतलेली निम्मी गिऱ्हाइकं हेच करत होती. जपून असू द्यावं म्हणून थोडं जुनं ठेवत होती, आणि विचारलं की 'काढलं' म्हणून सांगत होती. कुणाला उलगडा होत नव्हता. "लिहा तसंच," त्या म्हणाल्या.

लिहिलं. मॅडमनी माझ्या अकरा पानांचं दीड पान केलं. पहिल्या ओळीत ठळक अक्षरांत तेवढं राहिलं: नव्याला जुन्याचं विरजण लागत नाही, जुन्याच्या एका थेंबानं नवं नासतं. तक्रारी थांबल्या आणि नोकरी पक्की झाल्याचा कागद आला.

सुपारीला गेवराईचे पाहुणे आले. स्वप्नाच्या वडिलांनी ते दीड पान मोबाइलवर सगळ्यांसमोर वाचलं. बाकी काही कळलं नाही म्हणाले, पण पहिली ओळ काय झकास लिहिलीय, असं डोकं पाहिजे! दारात नव्या कोऱ्या लुगड्यात उभी असलेली साखराआत्या कौतुकानं म्हणाली, "लहानपणापास्नं लई हुशार हाय आमचा अंगद."

माझी मान आपोआप खाली गेली. पाहुण्यांना वाटलं, पोरगा लाजाळू आहे.