उणे सहाशे चाळीस

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी निवृत्त वजनमापे निरीक्षक स्वयंपाकघरात आले. वॉकर त्यांनी दाराशी उभा केला, ओट्यावरचा पीठ मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा एक डोळा मिटून न्याहाळला आणि त्यावर डाव्या हाताची तर्जनी टेकवली. मग उजवा पाय उचलून ते दोन महिन्यांपूर्वी बसवलेल्या नव्या डाव्या गुडघ्यावर उभे राहिले.

"हं. लाव घड्याळ."

बायकोने घड्याळ लावले.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी एवढेच सांगितले होते : ओट्याशी, एका पायावर, तीस सेकंद, नजर समोर, आधार हळूहळू कमी करायचा. "हळूहळू म्हणजे किती ग्रॅम?" असे निरीक्षकांनी त्यांना तिथेच विचारले होते. बत्तीस वर्षे दुकानदारांचे काटे तपासलेला माणूस अंदाजपंचे बरा होणार नव्हता. बोटाचा भार म्हणजे आधार. तो शून्यावर आला की वॉकर बंद आणि वाचनालयात एकट्याने जाणे सुरू, असा त्यांनी स्वतःच नियम केला. वहीत रोजचा आकडा पडू लागला.

आकडा नऊशेवरून सहाशे चाळीसवर उतरला आणि तिथेच ठाण मांडून बसला. पाचव्या दिवशी निरीक्षक धड जेवले नाहीत. सहाव्या दिवशी म्हणाले, "वाचनालयाची वर्गणी पुढे भरू नकोस." हे ते अगदी हळू बोलले.

सातव्या दिवशी, त्यांची नजर भिंतीवरच्या टाइलवर खिळलेली असताना, पंचविसाव्या सेकंदाला तिने काट्याचे शून्याचे बटण दाबले. ही लबाडी तिला त्यांनीच शिकवली होती. काट्यावर माल असताना शून्य करून रद्दीचे वजन कमी दाखवणाऱ्या दुकानदारांच्या कथा तिने बत्तीस वर्षे जेवताना ऐकल्या होत्या. बटण 'टुक' वाजते, म्हणून ती त्याच क्षणी खोकली.

"झाली वेळ."

निरीक्षकांनी खाली पाहिले. "शून्य! अगं, शून्य!"

"सरका बघू, मला पीठ मोजायचंय," म्हणत तिने बोटाखालून काटा ओढून घेतला.

एका दिवसाचा आनंद, एवढाच तिचा हिशेब होता. पण निरीक्षक एका मोजणीवर विसंबणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी मोजणी झाली, तिसऱ्या दिवशी झाली, आणि प्रत्येक मोजणीला तिला खोकावे लागले.

"तुला रोज सात-अकराला खोकला येतो," ते गंभीरपणे म्हणाले. "इतका वेळेवर येणारा खोकला बरा नव्हे."

त्यांनी औषध मागवले. प्रायश्चित्त म्हणून ती दोन-दोन चमचे गिळू लागली.

चौथ्या दिवशी त्यांनी वॉकर वरच्या मजल्यावरच्या आजींना देऊन टाकला आणि सोमवारी वाचनालयात जाण्याचे जाहीर केले. एकटे. वाचनालयाला सात पायऱ्या होत्या आणि कठडा एकीलाही नव्हता. तिने थेरपिस्ट बाईंना फोन लावला.

"काटा शून्य दाखवतोय हो."

"मग छानच की, काकू!"

"नाही ना! तेच तर..." पण निरीक्षक औषधाचा चमचा भरून समोर उभे होते. "तुम्हीच येऊन बघा," म्हणून तिने फोन ठेवला.

बाई आल्या. काट्याला खेटून उभ्या राहिल्या आणि त्यांनी घड्याळ आपल्याच हाती घेतले. आज बटणाला हात लावायचा नाही, असे तिने मनाशी पक्के केले होते. पण काट्यावर तेच सहाशे चाळीस दिसत होते, आणि टाइलकडे पाहणारा नवऱ्याचा चेहरा निकालाच्या दिवशीच्या विद्यार्थ्यासारखा झाला होता. पंचविसाव्या सेकंदाला बाईंच्या कोपराखालून बटणाकडे हात घालून ती खोकली.

"बघा, शून्य!" निरीक्षकांनी ऐटीत बोट उचलले. मध्ये बाई उभ्या असल्याने तिला काटा ओढता आला नाही.

काट्यावर उणे सहाशे चाळीस उमटले.

"उणे?" निरीक्षकांना खात्यातला जुना आवाज फुटला. "रिकामा काटा उणे कधी दाखवतो, ठाऊक आहे बाई? माल ठेवून शून्य केला तर! माझ्या घरात? माझ्या काट्यावर? अहो, असल्यांची दुकानं मी—" त्यांचे दोन्ही हात हवेत फिरत होते.

"काका..."

"काका काय काका! बत्तीस वर्षांत—"

"काका, उजवा पाय."

निरीक्षकांनी खाली पाहिले. उजवा पाय अजून वरच होता.

"घड्याळ मी बंदच केलं नाही," बाई म्हणाल्या. "बोट उचलल्यापासून चौतीस सेकंद. तुमच्या पायाला आधार नकोच होता. बोटालाच सवय लागली होती. वॉकर गेला तो गेला. पण पायऱ्यांना सध्या काठी, आणि काकू सोबत. एकटं नाही."

बाई गेल्या. निरीक्षक वही उघडून बसले. बायको ओट्याशीच उभी राहिली. 'चूक झाली साहेब' म्हणणारे त्यांनी शेकड्यांनी पाहिले होते, आणि एकालाही सोडले नव्हते, हे तिच्याइतके कोणाला माहीत होते?

त्यांनी पेनाचे टोपण काढले. काट्याकडे पाहिले. मग औषधाच्या बाटलीकडे.

"खोकला कसा आहे?"

"गेला," ती म्हणाली.

"बरं झालं."

त्यांनी वहीत वळणदार अक्षरात लिहिले : 'काटा तपासला. दोष आढळला नाही.' खाली सही केली, तारीख घातली. मग उठले आणि कशालाही न धरता तीन पावले चालत जाऊन औषधाची बाटली कपाटात अगदी मागे ठेवून आले.