बसवप्पांची वाढीव चाकं

आमचे शेजारी बसवप्पा माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नाहीत, पायांकडे बघतात. मी नवे बूट घातले त्या दिवशी त्यांनी मला गल्लीतच अडवलं. "मास्तर, एक नंबर मोठा घेतलाव. आता दात बदला."

दात म्हणजे गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलमधल्या चक्रांचे दात. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त वाट तोडतं, पण इंजिनाचा जोर अपुरा पडतो. म्हणून चाक वाढवलं की आतली क्राउन-पिनियनची जोडीही त्याला साजेशी बसवायची. हे तत्त्व बसवप्पा कुठंही लावतात. लग्नात मोठा बँड आणि पंगतीत पातळ वरण दिसलं की कुजबुजतात, "चाक वाढवलं, दात तेच!"

हे शहाणपण त्यांना फुकट मिळालेलं नव्हतं. लातूर जिल्हा झाला तेव्हा "आता आपुन जिल्ह्याची माणसं" म्हणत त्यांनी आपल्या जीपला ट्रकला शोभतील अशी चाकं चढवली. दात जुनेच. त्यात दुष्काळ पडला. गावोगाव पाणी पुरवायला मागं पाण्याची टाकी जोडून जीप निघाली ती थेट शिरूर अनंतपाळकडं, लेकीच्या सासरी. गाव टेकाडावर. अर्ध्या चढावर जीपनं मान टाकली. व्याह्यांसकट सगळं गाव बघत होतं. शेवटी बायांनीच घागरी खाली ठेवून गाडी ढकलली. त्यांत पदर खोचून त्यांची महानंदाही होती.

"लेकीनं ढकलली हो, मास्तर," एवढंच सांगून ते मान खाली घालत.

दात त्यांनी लगेच बदलून घेतले. जीप आता भिंतही चढली असती, पण बसवप्पा चढत नव्हते. इतर गावांना ते दारापर्यंत पाणी नेत. लेकीच्या गावाला मात्र टेकाडाखाली थांबून हॉर्न वाजवत. बिचाऱ्या बाया खाली येत आणि भरल्या घागरी डोक्यावर घेऊन चढ चढत. "इंजन तापायलंय," असं बसवप्पा दर वेळी सांगत.

एकदा मी सोबत होतो. महानंदा घागर घेऊन आली. बसवप्पांची नजर सवयीनं तिच्या पायांवर गेली. अनवाणी होती, तापल्या मातीवर आलटून पालटून पाय उचलत होती.

"अप्पा, दात बदलले म्हणं?"

"हाव."

"मग?"

बसवप्पा फडक्यानं स्टिअरिंग पुसत बसले. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. महानंदानं घागर आत ठेवली आणि मागं चढून बसली.

"चला वर. न्हाईच चढली तर मी हाय की ढकलायला."

जीप एका दमात वर गेली. बसवप्पा उतरले. त्यांनी व्याह्यांकडे पाहिलं नाही, गावाकडेही नाही. पायातल्या चपला काढल्या आणि लेकीपुढं सरकवल्या.

"लई मोठ्या हायत," ते म्हणाले. "पण घाल."