पेढ्यांचं आमंत्रण

चिंतामणी चित्रे गुरुजींना एखादी चांगली कल्पना सुचली की त्यांच्या पत्नी, ललिताबाई, हातातलं काम टाकून सावध होत असत. मार्च संपता संपता त्यांना अशीच एक सुचली. परीक्षा तोंडावर आली होती, सहावीच्या वर्गाचा फोटो काढायचा होता, आणि राधा परब वर्षभर शाळेत दिसली असेल-नसेल.

"पोरीला वर्ग परका वाटत असणार," गुरुजी म्हणाले. "घरी जाऊन आमंत्रण देतो. फोटोत माझ्या शेजारी खुर्चीवर बसवतो."

"आधी ती का येत नाही ते तरी विचारा."

"ते विचारून तिला लाजवायचं कशाला?"

गिरगावातून पेढ्यांचा पुडा घेऊन गुरुजी ट्रामने लालबागला गेले. 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं गेरूने लिहिलेल्या भिंतीपाशी त्यांनी कोट झटकला आणि चाळीचा जिना चढले. राधा दारातच उभी होती, कडेवर धाकटा भाऊ बाळू. गॅलरीत दोन-चार माणसं जमलेली पाहून गुरुजींना भाषण फुटलं.

"राधा, शाळा तुझी आहे! वर्ग तुझा आहे! तू आल्याशिवाय आमचा फोटो निघणार नाही! माझ्या शेजारी खुर्चीवर बसायचं तू!"

"गुरुजी, पण ह्याला..."

"पण नाही नि बिण नाही! यायचं म्हणजे यायचं!"

त्यांनी पेढा पुढे केला. तो बाळूने मटकावला. गॅलरीतून टाळ्या पडल्या. उरलेला पुडा राधाच्या हातात कोंबून गुरुजी प्रसन्न मनाने खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग रिकामा.

"कुठे गेले सगळे?" गुरुजींनी पहिल्या बाकावरच्या लीलाला विचारलं.

"घरी बसलेत, गुरुजी. तुमची वाट बघतायत."

"माझी?"

"राधाच्या चाळीतला गंगाधर म्हणाला, रोज येतो त्याला छडी आणि येत नाही त्याला पेढे. त्याच्या आईने तुमच्यासाठी खुर्चीसुद्धा पुसून ठेवलीय."

"मग तू कशी आलीस?"

"मला आईने हाकललं."

एवढ्यात मुख्याध्यापक रघुवीर कोठारे दारात आले. रिकाम्या बाकांवरून त्यांची नजर फिरली. "आज हरताळ आहे? मला कसं कळलं नाही?"

"हरताळ नाही, सर."

"मग मोर्चा?"

"पेढे," गुरुजी पुटपुटले.

सगळा प्रकार गुरुजींना दोनदा सांगावा लागला. दुसऱ्यांदा सांगताना त्यांचे कान तापले. गेली अनेक वर्षं ते मुलांना अंगठे धरून उभे करत आले होते. आज आपणच ते धरावेत असं त्यांना वाटलं.

"उद्या फोटो आहे, चित्रे," कोठारे म्हणाले. "वर्ग भरलेला दिसला पाहिजे."

गुरुजींनी लीलाकरवी निरोप धाडला, पेढे मिळणार नाहीत, मुकाट्याने या. त्याचं उत्तर सकाळी शाळेच्या फाटकावर मिळालं. सगळा वर्ग आला होता, पण आत पाऊल टाकायला तयार नव्हता. पुढे मूठ वळून गंगाधर.

"पेढे मिळालेच पाहिजेत!"

"मिळालेच पाहिजेत!"

रस्त्यावरचे लोक थांबून बघू लागले. मैदानात फोटोग्राफर काळ्या कापडाखालून डोकं काढून ताटकळत उभा होता, वर गच्चीतून कोठारे बघत होते, आणि गुरुजी फाटकाशी हात जोडून विनवत होते, "अरे, हळू तरी ओरडा रे!"

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत राधा आली. कडेवर बाळू होताच.

"कसलं भांडण चाललंय?"

"तुला पेढे, तुला खुर्ची," गंगाधर फणकारला. "आम्ही रोज येतो ते काय येडे म्हणून?"

राधाचा चेहरा उतरला. "मला नकोय खुर्ची. गुरुजींच्या शेजारी बसून मी काय करू? मला लीलाजवळ उभं राहायचंय. पण ह्याला घेऊन कशी राहू? गुरुजी, तुम्ही धरता ह्याला जरा? आई गिरणीत जाते. ह्याला धरायला घरात कोणी नसतं, म्हणून तर मी येत नाही."

गुरुजींनी बाळूला घेतलं. "अगं, मग परवा सांगायचं नाहीस का?"

"सांगत होते. पण तुम्ही बोलत होतात."

गंगाधरने वळलेली मूठ खिशात घातली आणि मान खाली घालून तो आत शिरला. त्याच्यामागून बाकीचे.

गुरुजी मधल्या खुर्चीवर बसले, मांडीवर बाळू. फोटोग्राफर "हलू नका" म्हणाला नेमकं त्याच क्षणी इस्त्रीच्या कोटावर काहीतरी कोमट पसरत चाललं. गुरुजी हलले नाहीत. घराच्या दारापर्यंत जाऊनही पोरीचं एक वाक्य आपण पुरं ऐकलं नाही, त्या मानाने ही शिक्षा त्यांना फारच स्वस्त वाटली. मागच्या रांगेत राधा आणि लीला एकमेकींना कोपरं मारत खिदळत होत्या.

"परीक्षेला येशील ना?" फोटो झाल्यावर गुरुजींनी विचारलं. या वेळी मात्र ते तिचं बोलणं संपेपर्यंत थांबले.

"हा रडतो हो, गुरुजी. उचलून फिरवलं तरच गप्प बसतो."

"फिरवीन."

गणिताच्या पेपरला गुरुजी बाळूला खांद्यावर टाकून बाकांमधून फेऱ्या मारत होते. कोठारे दारात आले, काही बोलणार होते, पण गुरुजींनी ओठांवर बोट ठेवताच पाय न वाजवता निघून गेले. राधा मान खाली घालून भराभर लिहीत होती. पलीकडे गंगाधर लीलाच्या पेपरात खुशाल डोकावत होता. गुरुजींना ते चांगलं दिसत होतं. त्यांनी डोळे वटारले, दात खाल्ले, छडीसुद्धा हवेत हलवून पाहिली.

पण ओरडणार कसे? बाळूचा आत्ताच डोळा लागला होता.