चाळीस अक्षरांत माणूस

"दोन तासांचं काम आहे," असं मी म्हणाले. वर "काही अवघड नाही" असंही म्हणाले, आणि शेवटी "आजच होईल"!

तुमच्या ओळखीत कोणी प्रोग्राम लिहिणारं असेल तर एक हिशेब लक्षात ठेवा. ते 'दोन तास' म्हणाले तर दोन दिवस धरायचे. 'आजच' म्हणाले तर आठवडा. आणि 'काही अवघड नाही' म्हणाले, तर देवाचं नाव घेऊन सरळ वही-पेन बाहेर काढायचं. मी तिन्ही वाक्यं एका दमात बोलले होते, म्हणजे पाहा!

काम होतं वाचनालयाचं. तिथला जुना प्रोग्राम काढून नवा बसवायचा होता. तो जुना प्रोग्राम मीच लिहिलेला, बावीस वर्षांपूर्वी. माझ्या आयुष्यातला पहिला. तेव्हा वाचनालयात एकच संगणक होता, पाठीमागे कुबड असलेला, सुरू होताना म्हाताऱ्यासारखा घसा खाकरणारा. त्याला मी झालर लावून अभ्रा शिवला होता. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली, आणि 'सभासदाचं नाव' असा प्रश्न त्या यंत्राने पहिल्यांदा विचारला, तेव्हा मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने माझं नाव सांगितलं. टाइप करायचं असतं हे विसरूनच गेले!

बाई तेव्हाही होत्या. बाई म्हणजे ग्रंथपाल बाई. त्यांना दुसरं काही म्हणताना मी कोणाला ऐकलेलं नाही. या शनिवारी त्या निवृत्त व्हायच्या होत्या, आणि सोमवारी परगावाहून नवीन बाई यायच्या होत्या.

"पुस्तकांची मला काळजी नाही," बाई मला म्हणाल्या. "पुस्तकं कपाटात दिसतात. माझे शेरे तेवढे नीट जाऊ देत नव्यात. कुणाला काय द्यायचं, कसं द्यायचं, ते नव्या बाईला कुठून कळणार? तीस वर्षांचं आहे गं सगळं."

"बाई, काना-मात्रा हरवणार नाही!" मी म्हणाले.

आता हा 'शेरा' काय, ते सांगते. प्रत्येक सभासदाच्या नोंदीत मी एक रकाना ठेवला होता, शेऱ्याचा. चाळीस अक्षरांचा. काना, मात्रा, अनुस्वार सगळं त्यात मोजायचं. चाळीसच का? तर पडद्यावर तेवढीच जागा उरली होती. शिवाय मी तेव्हा तिशीच्या आतली. मला वाटायचं, एका माणसाबद्दल चाळीस अक्षरांपेक्षा जास्त सांगण्यासारखं असतं तरी काय!

मंगळवारी आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात बसूनच मी वाचनालयाच्या संगणकाला जोडणी केली आणि कामाला लागले. समोरच्या टेबलावर माझा भागीदार. माझ्याच वयाचा, कामाला वाघ, पण कुठलंही काम विचारा, उत्तर एकच. त्यामुळे आम्ही त्याला 'उद्या' म्हणतो. गिऱ्हाइकंसुद्धा म्हणतात.

घर बदलताना आपण गंजके डबे बरोबर नेतो का? नाही ना? मग जुना कचरा नव्या प्रोग्रामात कशाला! म्हणून मी आधी साफसफाई काढली. एकूण सभासद सोळाशे चाळीस. त्यातले दोनशे बारा असे निघाले, की त्यांनी आजवर एकही पुस्तक नेलेलं नाही. फोन नंबर नाही, जन्मतारीख नाही, काही नाही!

"बघ, दोनशे बारा भुतं!" मी म्हणाले. "एका ओळीत उडवते."

"यादी वाचलीस?" उद्याने मान वर न करता विचारलं.

"माझा प्रोग्राम, मी त्याची यादी वाचू? आई लेकराला ओळखपत्र मागते का?"

"कॉपी घेतलीस?"

"घ्यायची कशाला? बंद केला की तो आपली आपण कॉपी घेतो. बावीस वर्षं झाली, एक दिवस खाडा नाही. लिहिलाय कोणी!"

मी एक ओळ लिहिली, बटण दाबलं. दोनशे बारा भुतं गेली. केर काढून फरशी पुसल्यावर वाटतं ना, तसं गार गार वाटलं. मग मी जुना प्रोग्राम बंद केला. त्याने इमानेइतबारे कॉपी घेतली. 'काम पूर्ण' असं हिरव्या अक्षरांत म्हणाला. मला तर भरून आलं!

बुधवारी सकाळी वाचनालयात नवा प्रोग्राम सुरू झाला. काय देखणा दिसत होता! मोठी अक्षरं, पांढरी पार्श्वभूमी. बाई शिडीवर चढून वरच्या फळीवरची पुस्तकं लावत होत्या. तेवढ्यात कुलुपवाले काका आले. गावातली निम्मी कुलपं त्यांनी उघडून दिलेली आहेत, पण स्वतः एकदम बंद माणूस. चार शब्द बोलले तरी फार.

"बाई, तुम्ही उतरू नका!" मी म्हणाले. "मी देते काकांना. हा बघा, नंबर घातला की शेरा समोर!"

शेरा आला. मी वाचला: 'यांना शेवट रडका असलेली पुस्तकं द्यायची'.

वा! किती सोपं! मी कपाटातून एक जाडजूड कादंबरी काढली. तिच्यात शेवटी कोणीच उरत नाही, कुत्रासुद्धा.

"काका, खास तुमच्यासाठी!" मी ती त्यांच्या हातात ठेवत म्हणाले. "नायकाची बायको जाते ना, ते प्रकरण तर असं आहे, दोन रुमाल लागतील!"

काका माझ्याकडे बघत राहिले. मग पुस्तकाकडे. मग खाली बाकावर बसले.

शिडीवरून बाई ज्या वेगाने उतरल्या, त्या वेगाने मी उतरले असते तर थेट हाडांच्या डॉक्टरांकडे गेले असते. त्यांनी काकांच्या हातातून पुस्तक काढून घेतलं, त्याच्या जागी एक प्रवासवर्णन ठेवलं, आणि अगदी सहज म्हणाल्या, "काका, यात एक माणूस होडी घेऊन निघतो आणि धडधाकट परत येतो."

काकांनी मान हलवली आणि गेले.

"काय केलंस हे?" बाई माझ्याकडे वळल्या.

"मी? शेऱ्यात लिहिलंय, बाई! तुम्हीच लिहिलंय!"

"पुढचं वाचलंस का?"

"पुढचं कुठे आहे?"

"नऊ हजार चौदा उघड."

मी उघडायला गेले. नऊ हजार चौदा नव्हताच.

मग बाईंनी मला सगळं सांगितलं. काकांचा नंबर चौदा. त्यांचा शेरा चाळीस अक्षरांत मावला नाही, म्हणून बाईंनी नऊ हजार चौदा नंबरचा एक नवा सभासद तयार केला. नाव: 'चौदाचं राहिलेलं'. आणि उरलेला शेरा त्याच्या पत्त्याच्या रकान्यात: 'नाहीत. पत्नी गेल्यापासून झोप नाही. माणूस सुखरूप घरी येतो असं काहीतरी द्यावं.' ज्याचा ज्याचा शेरा लांबला, त्याचा असा एकेक जोडीदार. दोनशे बारा जोडीदार. पत्त्याला मी दोनशे अक्षरं दिली होती! म्हणजे माणूस राहतो कुठे, हे सांगायला दोनशे. आणि माणूस आहे कसा, हे सांगायला चाळीस!

"बाई, मला सांगायचं नाही का? मी रकाना मोठा करून दिला असता!"

"सांगितलं होतं. तू म्हणालीस, 'बाई, छोटासा बदल असं काही नसतं, सगळं उसवावं लागतं.' मग मीच माझी सोय केली."

हे वाक्य मी म्हटलं असणार. मी ते आजवर निदान हजार जणांना म्हटलेलं आहे.

मी उद्याला फोन लावला. "अरे, कॉपी! कालची कॉपी बघ! दोनशे बारा माणसं गेली!"

"आत्ता येतो," तो म्हणाला. हे ऐकून मी आणखी घाबरले. वीस वर्षांत तो 'आत्ता' असं पहिल्यांदाच म्हणत होता!

आला, बसला, कॉपी उघडली. सभासद चौदाशे अठ्ठावीस.

"तू उडवलंस, मग प्रोग्राम बंद केलास," तो हळू आवाजात म्हणाला. "त्याने नवी कॉपी जुन्यावर लिहिली. एकच कॉपी ठेवतो हा? जुनी पुसून? असला प्रोग्राम लिहिलाय कुठल्या शहाण्यानं?"

मी अभ्र्याच्या झालरीकडे बघत राहिले. होय, तो अभ्रा अजून होता.

"अच्छा, तूच की," उद्या म्हणाला. "मी जरा चहाचं बघतो."

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. मला वाटलं, आता रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"आज बुधवार. शनिवारी दुपारी मी किल्ल्या द्यायच्या. नव्यात जागा किती दिली आहेस शेऱ्याला?"

"हवी तेवढी, बाई. कितीही."

"मग बस. घाल नंबर तीन."

"म्हणजे?"

"तीन नंबर. जिल्हा कचेरीतले. लिही: 'रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचतात आणि बाकीच्यांना सांगतात. यांना रहस्यकथा बंद पाकिटात द्यावी.' झालं? आता अकरा."

त्यांना पाठ होतं, मंडळी! दोनशे बाराच्या दोनशे बारा! मला माझा स्वतःचा पासवर्ड आठवत नाही. तो पडद्याच्या कडेला चिठ्ठीवर लिहून चिकटवलेला असतो.

मग तीन दिवस बाई सांगत होत्या आणि मी टाइप करत होते. वाचक यायचे, रांगेत थांबायचे आणि कान द्यायचे.

"बाई, माझं काय लिहिलंय हो?" एक शिंपीण मावशी पुढे सरसावल्या.

"तुमचं चाळीसात मावलंय."

"असं कसं? मी काय एवढीशीच आहे का?" मावशी जाम भडकल्या. "लिहा आणखी!"

शेवटी त्यांच्यासाठी आम्ही दोन ओळी वाढवल्या, तेव्हा कुठे त्या हलल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गल्लीतल्या आणखी पाच जणी आल्या, आमचंही वाढवा म्हणून! उद्या तर दाराशी उभा राहून लोकांना थोपवत होता: "आज नाही, उद्या या!" इतक्या वर्षांनी त्या वाक्याचं चीज झालं.

काही शेरे मात्र बाई रांग संपल्यावर हळू आवाजात सांगायच्या, आणि हसता हसता मधेच माझी बोटं थांबायची. 'हे रोज येतात, वाचत नाहीत. घरी कोणी नाही. वर्तमानपत्र यांच्या हातात असू द्यावं.' 'हिला वाचता येत नाही, कोणाला कळू देत नाही. चित्रांची पुस्तकं नातवासाठी म्हणून द्यावीत. नातू नाही.' मी मनात म्हणत होते, अगं, हे तू भुतं म्हणून उडवलंस!

शनिवारी दुपारी बारा वाजता बाई म्हणाल्या, "दोनशे अकरा झाले. राहिला एक. एकसष्ट."

मी नंबर घातला. पडद्यावर माझंच नाव आलं.

"बाई, हे राहू द्या."

"लिही म्हणते ना. 'स्वतःची स्वतः शिकते. अडली तरी विचारत नाही, लाजते. एकाच पानावर चार दिवस बसली, की समजावं. मग पुढचं पुस्तक ती यायच्या आत तिच्या टेबलावर नेऊन ठेवावं. कोणीतरी विसरून गेलंय असं वाटलं पाहिजे.'"

मंडळी, वाचनालयातल्या ज्या टेबलावर बसून मी प्रोग्राम लिहायला शिकले, त्या टेबलावर मला अशी सात पुस्तकं सापडली होती. मी अडले की नेमकं हवं ते पुस्तक तिथे पडलेलं असायचं. लोक किती वेंधळे असतात, असं मला वाटायचं, आणि माझं नशीब किती जोरदार! लोकांना हे सांगताना मी छाती फुगवायची: मला कोणी शिकवलं नाही हो, मी आपली आपण शिकले!

मला पडद्यावरची अक्षरं दिसेनात. बाई शांतपणे माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या.

"अजून जागा आहे ना?"

"आहे, बाई," मी नाक ओढत म्हणाले. "हवी तेवढी आहे."

"मग पुढे लिही. 'ही आपण होऊन काही साफ करायला आली, तर हिला आधी चहा द्यावा. आणि ती पीत असताना मशीन बंद करावं.'"

लिहिलं! काय करणार!

परवा एक छोटासा बदल करायला म्हणून वाचनालयात गेले होते. नव्या बाई गोड आहेत. माझा नंबर विचारला, पडद्यावर काहीतरी वाचलं आणि लगबगीने उठल्या.

"बसा ना, ताई," त्या म्हणाल्या. "चहा घेणार ना?"

चहा फार चांगला झाला होता. मी दोन कप प्याले. मशीन काही सुरू झालं नाही.